खाडीच्या पाण्यात बुडालेली मोटर

सुरतच्या लिंबायतमध्ये मिठी खाडी फुगली की पाणी सगळ्यात आधी शिरतं ते टाकीशेजारच्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीत. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात घुसली, तेव्हा तर निम्म्याहून अधिक सुरत पाण्यात होतं. पाणी ओसरलं की घर धुवायची घाई असते, आणि कुणीतरी मोटरीचं बटण दाबतं. कृपा करून दाबू नका. गंजाने जाम झालेला रोटर फिरत नाही, पण करंट वाहतच राहतो आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळतं.

आधी मेन स्विच पाडा, वायरी सोडवा. कपॅसिटरच्या दोन टोकांना होल्डरमधल्या बल्बच्या वायरी लावून त्यातला करंट उतरवा. मग गोड्या पाण्याने गाळ धुऊन काढा. तो वाळला की सिमेंटसारखा बसतो.

आता जाम सोडवायचा. मागची जाळी आणि पंखा काढा. बऱ्याच मोटरींत शाफ्टच्या टोकाला खाच असते. तिथे गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल टाका, पुढे इंपेलरच्या बाजूलाही सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी खाचेत रुंद पेचकस घालून थोडं इकडे, थोडं तिकडे हलवा. हातोडा नको. अडकण बहुधा पुढेच असते: पितळी इंपेलर आणि बिडाचं केसिंग यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढी फट असते, आणि बिडाचा गंज फुगून तीच भरून टाकतो. पितळ मात्र शाबूत असतं.

तरीही हलत नसेल तर केसिंगचे बोल्ट काढा. इंपेलरला आटे असलेली दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, तो सरळ बाहेर येतो. केसिंगचा गंज 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा. जास्त घासलंत की फट वाढते आणि मोटर पाणी उचलत नाही.

बेअरिंग आणि सील बदलाच. जुन्या बेअरिंगवरचा नंबर दाखवून तेच घ्या. बसवताना पाइपाचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून ठोका.

वाइंडिंगला घाई चालत नाही. पत्र्याच्या डब्यात, तारेच्या बल्बच्या उबेत, दिवसभर किंवा अधिक वाळवा. मग इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरने तपासून घ्या. एक मेगाओमच्या खाली आलं तर पुन्हा वाळवा. तरीही चढलं नाही तर वाइंडरकडे न्या.

जोडल्यावर शाफ्ट बोटांनी सहज फिरला पाहिजे. पंपात पाणी भरा, अर्थिंग पक्कं करा आणि पाच मिनिटं चालवून आवाज ऐका. नीट चालली की भिंतीवर उरलेली गाळाची रेघ बघा आणि मोटरीचा ओटा तिच्या वीतभर वर बांधा.