‘लासो’ म्हणजे हो नव्हे

शाळा मी बंद ठेवली नव्हती. रोज सकाळी कुलूप काढत होतो, घंटा देत होतो. मुलंच नव्हती. तरी मला पाठवणाऱ्या काठमांडूच्या संस्थेने ‘शिक्षकाचा हलगर्जीपणा’ असा शेरा मारून दोन महिन्यांचं मानधन कापलं. म्हणून हे लिहितोय.

गाव नेपाळच्या डोल्पोत, ताराप खोऱ्यात, चार हजार मीटरच्या आसपास. डोल्पोवरचा १९९९ सालचा ‘हिमालया’ सिनेमा पाहून भारावलो होतो, ती पहिली चूक.

एप्रिलच्या बैठकीत मोडक्यातोडक्या नेपाळीत वेळापत्रक मांडलं: मे-जून पूर्ण वर्ग, जुलैत परीक्षा. शाळा समितीचे अध्यक्ष मान लववून म्हणाले, “लासो, लासो.” मी समजलो, ठराव पास.

मेच्या मध्याला घंटा दिली तर आवारात एक कुत्रा. समोरच्या घराला कुलूप, शेजारच्याही. उन्हात बसलेल्या म्हातारीने वर डोंगराकडे बोट केलं. “यार्सा.”

यार्सागुम्बा म्हणजे मेलेल्या अळीतून उगवणारी बुरशी. चीनमध्ये तिला प्रचंड भाव. बर्फ वितळला की काही आठवडेच सापडते. गवतातली ती बारीक काडी पोरांच्या डोळ्यांना आधी दिसते, म्हणून अख्खी घरं वर जातात. घरात रोकड येते ती मुख्यतः तिथूनच. अध्यक्षांना हे एप्रिलमध्ये ठाऊक नव्हतं? पक्कं होतं! पण पाहुण्याला तोंडावर नाही कोण म्हणणार? त्यांचं ‘लासो’ म्हणजे ‘आपलं ऐकलं’, एवढंच.

जूनअखेर ते उतरले, तोंड रापलेलं, आणि दोन्ही हातांनी मला दोन यार्सा देऊ लागले. मी घेतल्या नाहीत. त्याचा उलट त्यांनाच राग आला म्हणे.

तिकडे शिकवायला जाणाऱ्यांनी एवढं करावं. ‘चालेल ना?’ असं विचारू नये. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे असाल?’ असं विचारावं. मे-जूनचे वर्ग यार्सानंतर ठेवावेत, नाहीतर फळा घेऊन पोरांमागे वर जावं. मला सुचलं नाही. हजेरीपटात गैरहजेरीचं कारण रोज लिहून समितीची सही घ्यावी. मी रकाना कोरा ठेवला, तोच नडला. लोणी-मिठाच्या चहाचा पेला निघेपर्यंत भरलेलाच ठेवावा. घोट घेतला की पुन्हा भरतात. गरम कपडे न्या, स्थानिकांचा मान राखा, हे सगळेच सांगतात.

आणि संस्थेकडून प्रत्येक गोष्ट लेखी घ्या. शाळा ओस पडल्याचं मी तीनदा फोनवर कळवलं होतं. साहेब दरवेळी म्हणाले, “हो हो, बघतो.” डोल्पोच्या ‘लासो’त निदान मान तरी होता.