तरवड, रुई आणि कार्बनची नळी

आमचा विषय इतिहास. तरीही विज्ञानातील एक प्रकरण माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडावेसे वाटते, कारण त्याचा धागा आपल्या जानेफळच्या माळावर उगवणाऱ्या तरवड आणि रुई या दोन झुडपांपर्यंत येतो.

१९९१ मध्ये जपानचे सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. कार्बनच्या अणूंची षट्कोनी जाळी गुंडाळून सुरळी करावी, तशी ही नॅनोनलिका. तिचा व्यास काही नॅनोमीटरांचा. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात. नळी म्हटली की आत काय भरता येईल, हा प्रश्न ओघाने आलाच. १९९३ मध्ये केरळात जन्मलेले पुलिकल अजयन आणि इजिमा यांनी शिशासह या नळ्या हवेत तापविल्या. टोके उघडली आणि वितळलेला पदार्थ आत ओढला गेला. दिव्याच्या वातीत तेल चढते, तेच हे केशाकर्षण. मात्र ज्याचा पृष्ठताण फार मोठा, तो द्रव दारातच थबकतो. पाणी आणि वितळलेले गंधक आत शिरते. पारा व शुद्ध शिसे शिरत नाही. १९९४ मध्ये ऑक्सफर्डच्या माल्कम ग्रीन यांच्या चमूने नायट्रिक आम्लाने टोके उघडून धातूंची ऑक्साइडे आत बसविली.

आत गेलेला पदार्थ पूर्वीसारखा राहत नाही. पोटॅशियम आयोडाइडच्या साध्या स्फटिकात प्रत्येक आयनाला सहा शेजारी असतात. अरुंद नळीत दोनच थर मावले की चार उरतात, आणि आयनांमधील अंतरेही बदलतात. लोह भरले तर कार्बनचे कवच त्याला गंजू देत नाही आणि त्याचे चुंबकत्व टिकते.

आता इतिहासाकडे वळू. २००६ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनच्या पीटर पॉफ्लर व सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळविला. उरलेल्या अवशेषांत त्यांना कार्बनच्या नॅनोनलिका दिसल्या. काहींच्या पोटात सिमेंटाइटच्या, म्हणजे लोह व कार्बन यांच्या संयुगाच्या, तारा होत्या. कवचामुळेच त्या आम्लातून वाचल्या असाव्यात. अशा तलवारींसाठी वुट्झ पोलादाच्या वड्या भारतातून जात. दक्षिणेत मातीच्या मुशीत लोखंड, तरवडीचे लाकूड आणि वर रुईची पाने घालून तोंड लिंपीत, भात्याने ताव देत आणि मूस सावकाश निववीत. कार्बन त्या लाकूडपाल्यातून येई.

यावरून ‘आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते’ अशी विधाने केली जातात. ती आम्हांस मान्य नाहीत. जी नळी कोणी पाहिलीच नव्हती, तिचे ज्ञान कोणास असणार? शिवाय ड्रेस्डेनच्या निष्कर्षावर धातुशास्त्रज्ञांचे एकमतही नाही. मात्र माती कोणती, ताव किती, निववायचे किती वेळ, हे लोहार अचूक जाणत होते, आणि आमच्या मते ही गोष्ट त्या दाव्याहून मोठी आहे. ते ज्ञान पोथीत नव्हते, भात्यापाशी होते. राबणाऱ्या हातांना लेखणी नाकारणाऱ्या समाजात ते लिहून कोण ठेवणार?

नांदेडला लागून असलेल्या निझामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे अशा पोलादाचे एक गाव. तेथे इराणचे व्यापारी स्वतः येऊन वड्या विकत घेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी या इंग्रज संशोधकाने तेथील रीत पाहून लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला कळते. याच पोलादाचे पृथक्करण लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध केले. फॅरडे यांचे वडील लोहार होते. मुलगा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला होता. कोनासमुद्रमच्या लोहाराचा मुलगा त्या वेळी भाताच ओढीत होता.