ब्राउझर हँग होतो तेव्हा: आधी मोजणी, मग उपाय

‘ब्राउझर हँग झाला’ या तक्रारीत बहुधा दोन वेगळे बिघाड एकत्र आलेले असतात. पहिल्यात संगणकाची रॅम भरते आणि सगळेच संथ होते: टॅब बदलायला वेळ लागतो, टाइप केलेले अक्षर काही सेकंदांनी उमटते, स्टार्ट मेनूही उघडत नाही. दुसऱ्यात रॅम मोकळी असते, पण एखाद्या पानातली स्क्रिप्ट प्रोसेसर अडवून बसते. मग तेवढेच पान अडते आणि ते प्रतिसाद देत नसल्याची सूचना पडद्यावर येते. दोन्हींची लक्षणे वरवर सारखी असली तरी उपाय निराळे आहेत. म्हणून आधी निदान करावे लागते.

हा क्रम चुकला की काय होते, हे प्रस्तुत लेखकाने स्वतः अनुभवले आहे. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, हार्ड डिस्क जुनी, एका ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस आणि रात्रीचे दहा वाजलेले. तीसेक टॅब उघडे होते आणि अर्जातले पाचशे शब्दांचे निवेदन थेट पानावरच्या चौकटीत टाइप केलेले होते. दाखल्याची स्कॅन प्रत जोडताना पडदा जागच्या जागी थांबला. दहा मिनिटे वाट पाहून शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागले. पुन्हा सुरू केल्यावर जुने टॅब परत आणण्याचा पर्याय निवडला, तर सगळे एकदम उघडू लागले आणि लॅपटॉप पुन्हा अडला. निवेदन गेले आणि मुदतही टळली.

पुढच्या आठवड्यात सुचतील ते उपाय झाले. हिस्टरी पुसली, कॅश रिकामी केली, रॅम वाढवून देण्याचा दावा करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकला, ब्राउझरही बदलून पाहिला. फरक पडला नाही. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडल्यावर मात्र पाच मिनिटांत दोन दोषी सापडले. एक होते दोन दिवस उघडे राहिलेले क्रिकेटच्या थेट धावसंख्येचे पान. त्याने एकट्याने १ जीबीहून अधिक रॅम धरून ठेवली होती. दुसरे होते वस्तूंच्या किमतींची तुलना करणारे एक्स्टेन्शन, कधीकाळी टाकलेले आणि नंतर विसरलेले.

आधीचे उपाय का फसले, हे समजणे उपयोगाचे आहे. हिस्टरी आणि कॅशचा मोठा भाग डिस्कवर असतो. तो पुसल्याने रॅम मोकळी होत नाही, उलट पाने पुन्हा डाउनलोड करावी लागतात. रॅम ‘साफ’ करणारे प्रोग्रॅम साधारणपणे वापरातला मजकूर रॅममधून डिस्कवर ढकलतात. आकडा क्षणभर खाली येतो, पण तोच मजकूर पुन्हा वाचून घ्यावा लागतो. ब्राउझर बदलला तरी तेच टॅब आणि तेच एक्स्टेन्शन सोबत गेले, तर आजारही सोबत जातो.

ब्राउझर इतकी रॅम घेतो, याला त्याची रचना कारण आहे. क्रोम २००८ मध्ये आला तो टॅबना वेगवेगळ्या प्रोसेस देणारी मांडणी घेऊन. एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचावेत, हा त्यामागचा हेतू होता. फायरफॉक्सने २०१६ पासून हाच मार्ग धरला. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतील ‘स्पेक्टर’ ही त्रुटी जाहीर झाली. एका संकेतस्थळाला दुसऱ्याची माहिती चोरता येऊ नये म्हणून त्याच वर्षी डेस्कटॉपवरील क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रोसेस देणे सुरू केले. त्यामुळे रॅमचा एकूण वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलने तेव्हा सांगितले होते. म्हणजे यातला काही खर्च उधळपट्टीचा नसून सुरक्षिततेचा आहे.

उरलेला खर्च पानांचा असतो. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर ३ एमबीचा असला तरी पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडावा लागतो. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर तो रॅममध्ये ४८ एमबी होतो. आपोआप ताजी होणारी पाने नवा मजकूर जोडत राहतात. जुना सोडून देण्याची व्यवस्था नीट केलेली नसेल तर रॅम तासागणिक चढत जाते. यालाच ‘मेमरी लीक’ म्हणतात. एक्स्टेन्शनचा भार तर दिसतही नाही. २०१४ मध्ये मोझिलाचे अभियंते निकोलस नेदरकोट यांनी अॅडब्लॉक प्लस या एक्स्टेन्शनची मोजणी केली, तेव्हा पानात बसवलेल्या प्रत्येक उपचौकटीमागे सुमारे ४ एमबी जादा रॅम लागत असल्याचे आढळले. पुढच्या वर्षी फायरफॉक्सने त्यावर उपाय केला.

रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला काही भाग डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क या कामात रॅमच्या तुलनेत सुमारे लाखपट संथ असते. त्यामुळे संगणक मेल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात तो फक्त ने-आण करत असतो. एसएसडी असल्यास हा त्रास बराच सौम्य होतो.

निदान दोन पायऱ्यांत करावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम भरली आहे. मेमरी मोकळी पण प्रोसेसर सतत व्यग्र असेल, तर स्क्रिप्ट अडली आहे. दोन्ही शांत असूनही पडदा काळा पडत किंवा लुकलुकत असेल, तर ग्राफिक्सचा संशय घेऊन सेटिंगमधील हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करून पाहावे. दुसरी पायरी ब्राउझरच्या आत आहे. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट व एस्केप दाबल्यास, तर फायरफॉक्समध्ये मेनूतील ‘मोअर टूल्स’खाली, टास्क मॅनेजर मिळतो. कोणता टॅब किती रॅम घेतो, हे तिथे नावानिशी दिसते; क्रोम आणि एजमध्ये एक्स्टेन्शनही नावानिशी दिसतात.

उपाय पुढील क्रमाने करावेत. दोषी टॅबची प्रोसेस तिथूनच संपवावी. सहसा त्याच्यापुरते नुकसान होते आणि पॉवरचे बटण दाबावे लागत नाही. एक्स्टेन्शनचा संशय असल्यास क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी आणि फायरफॉक्समध्ये ‘ट्रबलशूट मोड’ वापरून पाहावा. इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज चालत नाहीत, तर ट्रबलशूट मोडमध्ये ती बंदच ठेवली जातात. तिथे त्रास थांबला, तर एकेक एक्स्टेन्शन काढून दोषी गाठता येते. न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय एजमध्ये २०२१ पासून आहे. क्रोमच्या ‘मेमरी सेव्हर’ची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये झाली. ही सोय चालू ठेवावी, मात्र अर्ज भरण्याची संकेतस्थळे तिच्या अपवादांच्या यादीत टाकावीत, कारण क्रोममध्ये झोपवलेला टॅब परत उघडताना पान नव्याने लोड होते. एवढे करूनही रोज रॅम भरत असेल, तरच ती वाढवण्यावर पैसे खर्च करावेत. त्याआधी लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते का, हे पाहावे. अनेक पातळ लॅपटॉपांत ती बोर्डवरच जोडलेली असते.

वरच्या उदाहरणातील लॅपटॉपमध्ये आजही ४ जीबीच रॅम आहे. ते पान आणि ते एक्स्टेन्शन काढल्यावर त्याचे हँग होणे थांबले. अर्जातला मजकूर मात्र तेव्हापासून आधी नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह होतो, आणि मगच पानावरच्या चौकटीत जातो.