लेखनातील सहजता

पहिलीच्या वर्गात पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या बालकाच्या हाताकडे पाहावे. मूठ आवळलेली, ओठ दातांखाली धरलेले, पेन्सिलीवर टोक मोडेल इतका दाब. शिक्षक म्हणतात, “नीट जोर लावून काढ.” वस्तुतः त्या हातात जोर अधिकच झालेला असतो. पेन्सिल सांभाळणे, वळण आठवणे व उच्चाराशी त्याची सांगड घालणे ही तीन कामे त्याच्यावर एकदम येऊन पडलेली असतात.

इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी ही कामे सुटी केली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत मुले आकृतीच्या कडेने रेषा काढून ती रंगीत पेन्सिलीने भरतात. तेवढ्याने हात लेखणीला सरावतो. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत ती उच्चार करतात. तेव्हा हाती लेखणी नसते. शब्द जुळविण्यासाठी कापलेली सुटी अक्षरे असतात.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात माँटेसरीबाई मुलांसह गच्चीवर होत्या. त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलास खडू देऊन समोरचे धुराडे काढावयास सांगितले. त्याने ते फरशीवर काढले, क्षणभर थांबला आणि आपल्याला लिहिता येते असे आनंदाने ओरडत त्याने गुडघे टेकून ‘हात’ हा शब्द लिहिला. मग ‘धुराडे’, मग ‘छप्पर’. इतर मुलांनीही खडू मागून घेतला. त्यांपैकी कोणीही तोपर्यंत लिहिण्यासाठी खडू हाती धरला नव्हता.

हा चमत्कार नव्हे. हात, बोट व कान यांची तयारी निरनिराळ्या वेळी, खेळीमेळीने होऊन गेली होती. ही तयारी वगळून ‘मूल आपोआप शिकेल’ म्हणत स्वस्थ बसणाऱ्या वर्गात मात्र काहीच उमटत नाही. तो छडीच्या वर्गाइतकाच निष्फळ होय.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत धूळपाटी होती. तिच्याबरोबरची छडी सोडून द्यावी, पण धूळपाटी घेण्यासारखी आहे. ताटात बारीक रेती पसरली की ‘ग’ काढावयास एक बोट पुरते. चुकला, तर ताट हलविताच पुसला जातो. बालक पुन्हा काढते, आणि या वेळी त्याचे ओठ मोकळे असतात.