एसईलिनक्स चालू ठेवायला किती खर्च येतो? भोसरी-चाकणच्या कारखानदारांसाठी हिशोब

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या महाळुंगे-निघोजे पट्ट्यातल्या तीस-चाळीस माणसांच्या युनिटमध्ये आता एखादा लिनक्स सर्व्हर असणे नवे राहिलेले नाही. ड्रॉइंग ठेवायला सांबाचे शेअर फोल्डर, ईआरपी, तिच्यामागे मारियाडीबी डेटाबेस आणि अलीकडे सीएनसी मशिनचा डेटा गोळा करणारी एखादी सर्व्हिस, एवढे सगळे एकाच डब्यावर चाललेले असते. या सर्व्हरसोबत सुरक्षेची एक भक्कम यंत्रणा फुकट आलेली असते. पुष्कळदा बसवणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशीच ती बंद केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

रेड हॅट, अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्सवर या यंत्रणेचे नाव एसईलिनक्स आणि उबुंटूवर ॲपआर्मर. प्रकार एकच, मॅन्डेटरी ॲक्सेस कंट्रोल. साध्या परवानगीत फाइलचा मालक ठरवतो की ती कोणी वाचायची, आणि रूटला कुठलेच दार बंद नसते. इथे नियम कर्नल लावतो. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने गेटपासवर लिहिलेल्या शॉपमध्येच जायचे, टूलरूमचे दार उघडे दिसले तरी आत शिरायचे नाही, तसे हे आहे. वेब सर्व्हरची सर्व्हिस फोडून कोणी आत आलेच, तर त्याला त्या सर्व्हिसला नेमून दिलेल्या फाइल आणि पोर्ट यांच्यापलीकडे हात घालता येत नाही.

अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने एसईलिनक्सचा सोर्स कोड डिसेंबर 2000 मध्ये खुला केला, 2003 मध्ये तो लिनक्स कर्नलच्या मुख्य प्रवाहात आला आणि 2005 च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 4 पासून तो मुळातच चालू मिळतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनवरही 2014 च्या 5.0 आवृत्तीपासून तो पूर्ण सक्तीने चालतो. फोन बिनबोभाट चालतो, मग सर्व्हरवरच ‘त्याचा त्रास होतो’ असे का ऐकायला मिळते?

त्रास कसा होतो ते एका ठरावीक प्रसंगातून पाहू. डिझाइन इंजिनिअर आपल्या होम फोल्डरमध्ये ड्रॉइंग ठेवतो. कोणी तरी ती ‘एमव्ही’ कमांडने उचलून शेअरमध्ये टाकतो. फाइल हलते, पण एसईलिनक्सने तिला लावलेले जुने लेबल तिच्याबरोबरच जाते. होम फोल्डरचे लेबल असते ‘यूजर_होम_टी’, आणि सांबाला मुभा असते ‘सांबा_शेअर_टी’ची. शॉपमधल्या संगणकावर फाइल उघडत नाही. परवानग्या 777 केल्या तरी उघडत नाही. ऑडिट लॉगमध्ये मात्र सगळे स्पष्ट लिहिलेले असते: ‘डिनाइड’, कंसात ‘रीड’, कोण तर ‘एसएमबीडी’ म्हणजे सांबाची सर्व्हिस, कशाला तर ‘यूजर_होम_टी’. शेअरच्या फोल्डरला योग्य लेबल एकदा नोंदवलेले असेल, तर ‘रिस्टोअरकॉन’ ही एक कमांड चालवून काम होते. दोन मिनिटांचा प्रश्न. पण लॉग वाचायची सवय नसलेला माणूस ‘सेटएन्फोर्स 0’ टाइप करून सक्तीच उठवतो, फाइल उघडते, सगळे खूश होतात. नंतर तो कॉन्फिग फाइलमध्येही ‘डिसेबल्ड’ लिहून ठेवतो आणि तो सर्व्हर कायमचा उघडा पडतो.

त्याची किंमत काय, याचे उत्तर मे 2017 मध्ये मिळाले. सांबातल्या एका त्रुटीमुळे शेअरमध्ये लिहिण्याचा हक्क असलेला कोणीही एक लायब्ररी फाइल टाकून ती सर्व्हरकडून चालवून घेऊ शकत होता. सांबाक्राय या नावाने ती गाजली. रेड हॅटने तेव्हा स्पष्ट केले होते की एसईलिनक्स मूळ पॉलिसीसह चालू असेल, तर ठरलेल्या जागेबाहेरचे मॉड्यूल सांबाला लोडच करता येत नाही आणि हल्ला अडतो. ज्यांनी ते बंद केले होते, त्यांच्यासाठी पॅच येईपर्यंत ही भिंत नव्हती.

आपल्या भागालाही हे विषय परके नाहीत. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची तक्रार मार्च 2021 मध्ये निगडी पोलिसांत दाखल झाली. तिच्यात 27 सर्व्हर बाधित झाल्याचा आणि सुमारे 5 कोटी रुपयांच्या नुकसानीचा उल्लेख होता. एसईलिनक्स असते तर हे टळले असते, असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट त्याची मर्यादा आधी सांगतो. ऑफिसमधल्या विंडोज संगणकात रॅन्समवेअर शिरले आणि त्याने त्या वापरकर्त्याच्या हक्काने शेअरमधली ड्रॉइंग एनक्रिप्ट केली, तर सर्व्हरच्या दृष्टीने ते रीतसर काम असते. ते अडवायला एसईलिनक्स नाही. त्यासाठी सर्व्हरपासून तोडून ठेवलेला बॅकअपच लागतो. बॅकअप नसेल तर हातातला पैसा आधी तिकडे लावा आणि मग हा लेख पुढे वाचा. तुमच्याकडे फक्त विंडोजवर टॅली असेल, तर हा खर्च तुमच्यासाठी नाहीच.

पैसे कशाचे द्यायचे

सॉफ्टवेअरचे शून्य. एसईलिनक्स, ॲपआर्मर, त्यांच्या पॉलिसी आणि पॉलिसीचे अपडेट, कशालाच लायसन्स नाही. अल्मालिनक्स आणि रॉकीही मोफत आहेत. नवे हार्डवेअरही लागत नाही. तेव्हा कोटेशनमध्ये ‘एसईलिनक्स लायसन्स’ अशी ओळ दिसली, तर ते कोटेशन तिथेच परत करा. अजून सेंटओएस 7 वर असाल, तर गोष्ट वेगळी आहे. त्याचे अपडेट 30 जून 2024 ला बंद झाले, त्यामुळे आधी स्थलांतराचा खर्च येईल आणि तो या कामाच्या बिलात मिसळू देऊ नका.

तुम्ही देता ते माणसाच्या दिवसांचे पैसे. म्हणून कोटेशन एकरकमी घेऊ नका, दिवसांत फोडून मागा. दर कॉन्ट्रॅक्टरगणिक बदलतो, पण हिशोब समजावा म्हणून दिवसाला 8,000 रुपये धरू आणि सर्व्हर वर सांगितला तसाच, अल्मालिनक्सवरचा. आधी पाहणीला एक दिवस: कुठल्या सर्व्हिस चालू आहेत, कुठला डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, कुठले पोर्ट उघडे आहेत. सांबा, मारियाडीबी आणि वेब सर्व्हर यांच्या पॉलिसी तयारच येतात, तिथे फक्त लेबल, पोर्ट आणि बुलियन म्हणजे चालू-बंदचे खटके लावायचे असतात, त्याला दीड दिवस. निरीक्षणाच्या काळात लॉग वाचायला मिळून एक दिवस. सक्तीवर टाकून तपासायला एक दिवस. लिहून द्यायला आणि तुमच्या माणसाला शिकवायला अर्धा. झाले पाच दिवस, 40,000 रुपये. 18 टक्के जीएसटी धरून 47,200, आणि नियमित जीएसटी भरणाऱ्या युनिटला त्यातले 7,200 इनपुट क्रेडिटमधून वळते होतात.

आता ती सीएनसीचा डेटा गोळा करणारी सर्व्हिस. ती कोणी तरी तुमच्यासाठी लिहून ‘/ऑप्ट’मध्ये ठेवलेली असते, तिची तयार पॉलिसी नसते. अशी सर्व्हिस सिस्टिमडीने सुरू केली की ती ‘अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी’ या डोमेनमध्ये जाते, म्हणजे एसईलिनक्स चालू असूनही तिला जवळजवळ काहीच बंधन नाही. बहुतेक कोटेशन याविषयी गप्प असतात. ‘सेपॉलिसी जनरेट’ने सांगाडा तयार होतो, पण मशिनच्या कंट्रोलरशी बोलणारे पोर्ट (फॅनकच्या फोकससाठी नेहमीचे 8193), डेटाबेसचे सॉकेट आणि स्वतःचे लॉग फोल्डर एवढेच खुले ठेवणारी पॉलिसी घोटून घ्यायला तीन दिवस धरा. एकूण आठ दिवस, 64,000, जीएसटीसह 75,520.

माझे मत असे की लहान युनिटने या तीन दिवसांचे पैसे लगेच घालू नयेत. अर्ध्या दिवसात त्या सर्व्हिसच्या सिस्टिमडी फाइलमध्ये ‘प्रोटेक्टसिस्टिम’, ‘प्रोटेक्टहोम’, ‘नोन्यूप्रिव्हिलेजेस’ आणि ठरावीक आयपीपुरतीच मुभा देणाऱ्या ओळी घालून घ्याव्यात. हे एसईलिनक्सइतके काटेकोर नाही, पण 51,920 रुपयांत काम आटोपते. त्या सर्व्हिसला बाहेरून इंटरनेटवरून हात लागत असेल, तर मात्र पूर्ण पॉलिसीच करून घ्या.

उबुंटूवाल्यांनी हा हिशोब जसाच्या तसा घेऊ नये. ॲपआर्मरचे नियम वाचायला सोपे असतात हे खरे, पण तयार प्रोफाइल कमी सर्व्हिसला मिळतात. मायएसक्यूएलला प्रोफाइल आहे, एनजिनएक्सच्या पॅकेजसोबत येत नाही, आणि मारियाडीबीच्या पॅकेजमधली प्रोफाइल फाइल मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. मुंबईच्या फ्रापेची ईआरपीनेक्स्ट बहुधा उबुंटूवर एनजिनएक्स आणि मारियाडीबी घेऊनच बसवली जाते, म्हणजे ‘ॲपआर्मर चालू आहे’ हे वाक्य खरे असूनही त्या दोन्ही सर्व्हिस मोकळ्या असतात. तिथे प्रत्येक सर्व्हिसची प्रोफाइल लिहायचे दिवस वेगळे मोजावे लागतील.

घाई केली की खर्च वाढतो

कामात सर्वांत महत्त्वाचा काळ निरीक्षणाचा. एसईलिनक्स ‘परमिसिव्ह’वर ठेवले की ते काही अडवत नाही, फक्त काय अडवले असते ते लिहून ठेवते. हा काळ किमान एक पूर्ण महिना हवा, कारण कारखान्याचे काही व्यवहार महिन्यातून एकदाच होतात. पगार, स्टॉकचा मेळ, महिनाअखेरचा बॅकअप. 5 कोटींवरच्या उलाढालीला 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. वेब सर्व्हरखाली चालणारी ईआरपी त्यासाठी बाहेरच्या पोर्टलशी बोलायला जाते आणि ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ हा खटका बंद असेल तर नेमकी तिथे अडते. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना हे कळले, तर ‘सेटएन्फोर्स 0’ पुन्हा होणारच.

पूर्वी यंत्रणा पूर्ण बंद असेल, तर चालू करताना सगळ्या फाइलना नव्याने लेबल लागतात. लाखो ड्रॉइंग असतील तर त्यात काही तास जाऊ शकतात आणि तेवढा वेळ सर्व्हर उपलब्ध नसतो. म्हणून हे बुधवारी रात्री सुरू करा. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी हाताशी असते, शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टआधी तपासून होते.

ऑडिट लॉगचीही तजवीज लागते. मूळ सेटिंगमध्ये 8 एमबीच्या पाचच फाइल राहतात आणि जुन्या पुसल्या जातात, म्हणजे महिन्याचे निरीक्षण संपेपर्यंत सुरुवातीचा लॉग गेलेला असू शकतो. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवायचे आणि सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची असते. त्यासाठी डिस्कवर थोडी जागा आणि एक सेटिंग पुरते. चाकणमधल्या जर्मन गाडीकंपन्यांना माल देणाऱ्यांना अनेकदा टायसॅक्स हे माहिती-सुरक्षेचे मूल्यांकन करून घ्यावे लागते, त्यांना हे लॉग आणि पॉलिसीचे कागद तिथेही दाखवता येतात.

बिल देण्याआधी

‘गेटएन्फोर्स’ला ‘एन्फोर्सिंग’ असे उत्तर आले म्हणजे काम झाले, असे समजू नका. एकेक डोमेन गुपचूप परमिसिव्ह करून ठेवता येते आणि वरचे उत्तर तरी तेच राहते. ‘सेमॅनेज परमिसिव्ह -एल’ चालवायला सांगा, यादीत तुमच्या सर्व्हिसचे डोमेन दिसता कामा नये. उबुंटूवर ‘एए-स्टेटस’मध्ये ‘कम्प्लेन’खाली तुमच्या सर्व्हिस दिसता कामा नयेत. आणखी एक आडवाट म्हणजे ‘ऑडिट2अलाव’. लॉगमधला प्रत्येक नकार उचलून त्याचे परवानगीत रूपांतर करणारे हे साधन चांगल्या हातात उपयोगी असते. डोळे झाकून वापरले, तर जे अडायला हवे होते तेही कायमचे मोकळे होते. म्हणून पॉलिसीची मूळ मजकूर फाइल मागून घ्या आणि प्रत्येक ‘अलाव’ ओळ कशासाठी, ते एका वाक्यात लिहून घ्या. चार सर्व्हिससाठी शंभर ओळी निघाल्या, तर त्या माणसाने लेबले दुरुस्त केलेली नाहीत.

एएमसीत दोन गोष्टी नावाने घाला: नवे सॉफ्टवेअर बसवताना यंत्रणा बंद करायची नाही, आणि केलीच तर त्याच दिवशी लेखी कळवायचे. पीओमध्ये चौथा हिस्सा रक्कम पहिल्या पूर्ण महिनाअखेरपर्यंत राखून ठेवा. ती सोडण्याआधी सर्व्हर तुमच्यासमोर एकदा रीस्टार्ट करून घ्या, शॉपमधून एक ड्रॉइंग उघडा, एक ई-इनव्हॉइस काढा, मग ‘गेटएन्फोर्स’ पुन्हा विचारा. या चारही गोष्टी ठीक झाल्या, तरच चेकवर सही करा.