राजचिन्हावरील भाषा

प्रमाणभाषा कशी ठरते आणि ती ठरविताना कोणाचा आवाज मागे पडतो, याचा विचार आपण मागील घटकात केला. त्याच प्रश्नाची एक लहानशी, पण बोलकी बाजू या घटकात पाहू. खिशातले एखादे नाणे हाती घ्या. सिंहमुद्रेखाली ‘सत्यमेव जयते’ असे कोरलेले दिसेल. हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलेले असते, की ते कोणत्या भाषेत आहे हा प्रश्न सहसा मनात येत नाही. ते हिंदीत नाही, मराठीत नाही; आणि हे चिन्ह ज्या स्तंभावरून घेतले, त्या स्तंभाच्या भाषेतही नाही.

राजचिन्हात सामान्यतः एक चित्र असते आणि त्याला जोडून एक ब्रीदवाक्य. (‘ब्रीद’ हे संस्कृत ‘बिरुद’ या शब्दाचे मराठीत रुळलेले रूप.) युरोपात या चिन्हांचा उगम सरदारांच्या ढालींवरील कुलचिन्हांत आहे, म्हणून तेथील बहुतेक राजचिन्हांत आजही ढाल दिसते. ब्रीदवाक्याची भाषा लोकांची असतेच असे नाही. ब्रिटनच्या राजचिन्हावरील ‘देव आणि माझा हक्क’ या अर्थाचे वाक्य फ्रेंच आहे. इंग्लंडच्या दरबाराची भाषा काही शतके फ्रेंच होती, त्याची ती खूण. याउलट बोट्सवानाच्या चिन्हावर ‘पुला’ एवढा एकच शब्द आहे. त्स्वाना भाषेत त्याचा अर्थ पाऊस. कोरड्या मुलखातल्या लोकांनी आपल्या राज्यावर पाऊस लिहावा आणि पुढे चलनालाही तेच नाव द्यावे, याचे स्पष्टीकरण आवश्यक नाही.

आता सारनाथकडे वळू. तेथील अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष 1904-05 च्या उत्खननात सापडले आणि 26 जानेवारी 1950 रोजी त्यावर आधारित चिन्ह भारताने स्वीकारले. त्या स्तंभावर मुळात एक लेख आहे. तो ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून, संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींना पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे, अशी ती आज्ञा आहे. अशोकाने आपल्या आज्ञा प्राकृतात कोरविल्या. वायव्य सीमेवर ग्रीक व अरामी भाषाही वापरल्या. संस्कृतात मात्र त्याचा एकही लेख नाही. आज्ञा ज्यांच्यासाठी, त्यांना ती समजावी, हे त्याचे धोरण होते.

आपण सिंह अशोकाचे घेतले आणि वाक्य मुण्डकोपनिषदातून घेतले. चित्र एका परंपरेचे, शब्द दुसऱ्या. संस्कृत ही आज कोणत्याही एका प्रांताची बोली नसल्यामुळे तिच्याविरुद्ध प्रांतिक तक्रार उद्भवत नाही, हे त्या निवडीचे बळ. परंतु तटस्थता अशी पूर्ण कधीच नसते. देवनागरीत लिहिलेले हे वाक्य मराठी वाचकाला न शिकता वाचता येते; तमिळ वाचकाला येत नाही.

जाता जाता एक व्याकरणाची शंका. ‘जि’ हा धातू परस्मैपदी, म्हणून ‘जयति’ हवे. ‘जयते’ कसे, असे विद्यार्थी विचारतात. पाणिनीच्या नियमानुसार ‘वि’ किंवा ‘परा’ हे उपसर्ग लागल्यावर हा धातू आत्मनेपदी होतो, जसे ‘विजयते’. उपनिषदांची भाषा मात्र या चौकटीत पूर्णपणे बसत नाही. काही पाठांत ‘जयति’ असेही आढळते. तेव्हा नाण्यावरील रूपाला चूक म्हणण्याची घाई करू नये.

इंडोनेशियाच्या गरुडचिन्हावर ‘भिन्नेक तुंगल इक’ हे ब्रीद आहे. ते चौदाव्या शतकातील म्पू तंतुलर या कवीच्या ‘सुतसोम’ काव्यातून, म्हणजे जुन्या जावानीज भाषेतून आले. ‘भिन्न’ आपल्या ओळखीचा. ‘इक’ म्हणजे ‘ते’, ‘तुंगल’ म्हणजे ‘एक’. ‘भिन्न’ आणि ‘इक’ यांचा ‘भिन्नेक’ झाला, हा आपण शिकलेला गुणसंधीच. काव्यात हे विधान बुद्ध आणि शिव यांच्या एकत्वाविषयी आहे. बहुसंख्य मुस्लिम असलेल्या राष्ट्राने ते हजारो बेटांच्या आणि शेकडो भाषांच्या एकत्वासाठी योजले. गरुडाच्या पंखांत प्रत्येकी 17, शेपटीत 8 आणि मानेवर 45 पिसे आहेत. 17 ऑगस्ट 1945 हा त्या देशाच्या स्वातंत्र्यघोषणेचा दिवस.

सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. 1910 पासूनच्या जुन्या चिन्हावर ‘ऐक्यातून सामर्थ्य’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद होते; ते ऐक्य गोऱ्यांच्या वसाहतींचे होते. वर्णभेदाची राजवट संपल्यावर 27 एप्रिल 2000 रोजी नवे चिन्ह आले. तेव्हा राजभाषा अकरा होत्या. एक निवडावी तर दहा नाराज. म्हणून ब्रीद घेतले ते खाम या सान लोकांच्या भाषेत. त्याचा अर्थ, निरनिराळे लोक एकत्र येतात.

ते चार शब्दांचे वाक्य देवनागरीत लिहिता येत नाही. त्यात हवा आत ओढून केलेले तीन प्रकारचे ‘क्लिक’ ध्वनी आहेत. पहिल्या शब्दारंभी घोड्याच्या टापांची नक्कल करताना मुले काढतात तसा ध्वनी, तिसऱ्याच्या आरंभी हळहळ व्यक्त करताना आपण ‘च्च्’ करतो तो, आणि चौथ्याच्या आरंभी जनावर हाकताना जिभेच्या कडेने काढतात तो. हे तिन्ही ध्वनी आपल्या तोंडी आहेत, पण मराठीचे स्वनिम नाहीत. खाममध्ये ते स्वनिम होते.

‘होते’ असे म्हणावे लागते. 1870 नंतरच्या दशकात केपटाउनमध्ये विल्हेल्म ब्लीक आणि ल्युसी लॉइड यांनी ही भाषा टिपून घेतली. त्यांना ती शिकविणाऱ्यांपैकी कब्बो हा गृहस्थ जनावरे चोरल्याच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन तेथे आलेला कैदी होता. त्या वह्यांची पाने सुमारे बारा हजार आहेत. भाषा मात्र पुढे बोलणाऱ्यांसह संपली. आज राज्यघटनेत सान भाषांचे संवर्धन करावे असे म्हटले आहे. राजभाषांच्या यादीत त्यांतली एकही नाही. ज्यांचा मुलूख गेला, त्यांची भाषा राष्ट्राच्या माथ्यावर आली, यात प्रायश्चित्त आहे हे मान्य. तथापि, ही भाषा कोणाला खटकली नाही, कारण तिच्या वतीने काही मागणारे कोणी उरले नव्हते, असेही प्रस्तुत लेखकाला वाटते.

स्वाध्याय : शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, शिवाजी महाराजांची संस्कृतात. दोघांच्याही घरची भाषा मराठी. या बदलातून काय सूचित होते आणि मुद्रा मराठीत का नसावी, याविषयी 200 शब्दांत लिहा. गोव्याच्या राज्यचिन्हावरील ब्रीद कोणत्या भाषेत आहे ते शोधून, तेथील कोकणी-मराठी वादाच्या पार्श्वभूमीवर त्या निवडीची चर्चा करा.