मज्जापेशी आणि त्यांच्या आधारपेशी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोखंडाच्या रसाचे तापमान सुमारे १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअस असते. अशा कारखान्यात एखाद्या कामगाराचा उघडा हात तापलेल्या सळईस चुकून लागला, तर ‘भाजले’ हे त्याच्या मनास उमगण्यापूर्वीच हात मागे घेतला गेलेला असतो. हातमोजे व शिरस्त्राण ही साधने कारखाना पुरवितो; परंतु हे संरक्षण मनुष्य जन्मतःच बरोबर घेऊन येतो.

या क्षणार्धाच्या हालचालीत तीन प्रकारच्या मज्जापेशी भाग घेतात. त्वचेतील चटका टिपून तो मज्जारज्जूपर्यंत पोचविणारी ती संवेदक पेशी. मज्जारज्जूच्या आत तो निरोप स्वीकारून पुढे सोपविणारी ती मध्यस्थ पेशी. आणि दंडाच्या स्नायूस आकुंचन पावण्याची आज्ञा देणारी ती चालक पेशी. मेंदूकडे वेगळी वर्दी जाते, पण ती पोचेपर्यंत तातडीचे काम उरकलेले असते. मेंदूत बहुतांश पेशी मध्यस्थ वर्गातीलच असतात. विचार, स्मृती व भाषा हा सर्व त्यांच्या परस्पर व्यवहाराचा परिणाम होय.

मज्जापेशीची घडण तिच्या कामास साजेशी असते. केंद्रक असलेली काया, निरोप घेणाऱ्या आखूड शाखिका, आणि निरोप दूर नेणारा एकच लांब अक्षतंतू, असे तिचे साधारण रूप. मज्जारज्जूतून पायाच्या स्नायूंकडे जाणारे अक्षतंतू प्रौढ माणसात सुमारे एक मीटर लांब भरतात, आणि त्यांच्या कायेचा व्यास मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. अक्षतंतूतून जाणारा आवेग विजेचा खरा, पण तारेतील प्रवाहासारखा नव्हे. स्वस्थ पेशीच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. आवेग येताच सोडियमचे भारित कण आत शिरतात, हा फरक क्षणभर उलटतो, आणि तीच घटना पुढच्या भागात घडते. तंतूच्या टोकाशी दोन पेशींमध्ये सूक्ष्म फट असते. ती बहुधा रासायनिक द्रव्याच्या साहाय्याने ओलांडली जाते.

मज्जापेशीचे संपूर्ण रूप प्रथम दृष्टीस पडले ते १८७३ साली इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी याने चांदीच्या क्षारांनी पेशी रंगविण्याची रीत प्रसिद्ध केली तेव्हा. तीच रीत वापरून स्पेनच्या रामोन ई काहाल याने या पेशी एकमेकींस जोडलेल्या नसून स्वतंत्र आहेत असे दाखविले. गॉल्जीस ते मान्य नव्हते. तरीही १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यात आले, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक मौजेचा प्रसंग आहे.

मज्जापेशींच्या भोवती ज्या दुसऱ्या पेशी दाटलेल्या असतात त्यांच्या वाट्यास मात्र असा मान उशिरा आला. जर्मन वैद्य फिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांना ‘मज्जेचा सरस’ या अर्थाचे नाव दिले, आणि त्या केवळ चिकटवण होत हा समज पुढे दीर्घकाळ टिकला. मज्जापेशींच्या दसपट आधारपेशी असतात असेही पुस्तकांतून छापले जाई. अलीकडील मोजणीप्रमाणे मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असून आधारपेशींची संख्याही जवळपास तितकीच आहे.

झोतभट्टीला थंड पाणी लागते, आतून उष्णतारोधक विटांचे अस्तर लागते, आणि मळी वेळच्या वेळी काढावी लागते. आधारपेशींची कामे साधारण याच जातीची आहेत. ताऱ्याच्या आकाराच्या पेशी रक्तकेशिकांना आपली टोके लावून पोषणाचा मार्ग सांभाळतात, आणि साचलेले पोटॅशियम व वापरून झालेली रासायनिक द्रव्ये शोषून घेतात. सूक्ष्म आधारपेशी मृत अवशेष व जंतू गिळतात. मेंदूतील पोकळ्यांच्या आतल्या पृष्ठभागावर तिसऱ्या प्रकारच्या पेशींचे अस्तर असते.

सर्वांत लक्षवेधी काम वेष्टन घालणाऱ्या पेशींचे. मेंदूत व मज्जारज्जूत हे काम करणारी एक पेशी अनेक तंतूंना वेष्टन पुरविते. हातापायांच्या मज्जातंतूंमध्ये श्वान पेशी एकाच अक्षतंतूच्या एकाच तुकड्याभोवती गुंडाळली जाते. वेष्टन मायलिन या स्निग्ध द्रव्याचे असते. दोन तुकड्यांमध्ये थोडी उघडी जागा राहते, आणि आवेग एका उघड्या जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी घेतो. उघड्या, बारीक तंतूत आवेग सेकंदास एखाद-दोन मीटर सरकतो. जाड वेष्टित तंतूत तो सेकंदास शंभर मीटरहून अधिक जाऊ शकतो. उघड्या बारीक तंतूंनाही श्वान पेशी आपल्या कुशीत घेऊन सांभाळतात.

ही पेशी बिघडली म्हणजे काय होते याचे उत्तर छत्तीसगडमध्ये दुर्दैवाने दूर शोधावे लागत नाही. गॉल्जीने आपली रीत प्रसिद्ध केली त्याच १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. हा जंतू मुख्यतः श्वान पेशीतच घर करतो. तो अतिशय मंद गतीने वाढतो, दुप्पट होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. आणि शरीराचे थंड भाग त्यास मानवतात. म्हणून कोपराजवळ, घोट्याजवळ व चेहऱ्यावर त्वचेलगत असलेले मज्जातंतू त्याच्या तडाख्यात सापडतात. शरीर जंतूंचा प्रतिकार करू लागले की मज्जातंतू सुजतो, आणि आपल्याच आवरणात दाबला जातो. बहुधा प्रथम जाते ती ऊन-थंड जाणण्याची शक्ती. अशा माणसाच्या हातास सळई लागली, तर हात मागे येत नाही. बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे, ही समजूत चुकीची आहे. न जाणवलेल्या जखमा व भाजणे यांनी ती झिजतात.

२००५ च्या अखेरीस भारतात रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले; छत्तीसगडमध्ये मात्र ते त्यानंतरही अनेक वर्षे त्याहून अधिक राहिले. भिलाईवरून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गावरच चांपा हे गाव आहे. तेथे सदाशिव गोविंद कात्रे यांनी, स्वतः या रोगाने पीडित असताना, १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. अमरावती जिल्ह्यातून आलेले दामोदर गणेश बापट यांनी ते कार्य अनेक दशके वाहिले. २०१८ साली त्यांस पद्मश्री देण्यात आली, व २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो, व भारतात तो उपचार विनामूल्य मिळतो. पण जंतू मेला म्हणून मेलेला मज्जातंतू परत येत नाही. हातापायांत तुटलेला अक्षतंतू श्वान पेशींनी आखून दिलेल्या वाटेने दिवसास सुमारे एक मिलिमीटर वाढू शकतो खरा, परंतु येथे ती वाट दाखविणारी पेशीच बाधित असते. सूज ताजी, सहा महिन्यांच्या आतील असेल, तर औषधाने ती उतरवून तंतू वाचविता येतो. यासाठीच त्वचेवरील फिकट, बधिर चट्टा दुखत नाही म्हणून दुर्लक्षिण्यासारखा नसतो. वैद्य रुग्णास डोळे मिटावयास सांगून कापसाच्या धाग्याने किंवा लेखणीच्या टोकाने त्वचेस स्पर्श करतात, आणि स्पर्श कोठे झाला ते बोटाने दाखवावयास सांगतात. ज्यांची संवेदना कायमची गेली आहे त्यांस मऊ तळव्यांच्या चपला दिल्या जातात, आणि रोज रात्री पाय दिव्याजवळ घेऊन खडा, फोड वा चीर शोधण्यास शिकविले जाते.